दहा लाख बावीस हजार एकशे सतरा आणि घासायची भांडी

माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या सिंकच्या बरोबर वर, एका जाड नक्षीदार चौकटीत बसचं एक तिकीट टांगलेलं आहे. चौकट मूळची मावशी आणि काकांच्या लग्नाच्या फोटोची. फोटो कपाटात गेला आणि चौकट तिकिटाला मिळाली, यावरून घरात कुणाचा मान मोठा ते समजावं. तिकीट कधीकाळी गुलाबी होतं म्हणतात. आता त्याचा रंग चहा सांडून वाळलेल्या कागदाचा आहे. आकडा मात्र अजून ठसठशीत आहे: १०२२११७.

नाटकाच्या तालमींची जागा जवळ पडते म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले, आणि पहिल्याच दुपारी जेवणं झाल्यावर शहाण्या भाचीसारखी बाह्या सरसावून सिंककडे निघाले. मावशीनं मागून दंड धरला.

"तिकडं कुठं?"

"भांडी घासते."

"ती काकांची आहेत."

"सगळी?"

"सगळी. कायमची. वर वाच."

मी वर वाचलं. कुठल्या तरी बसचं तिकीट. "यात भांडी कुठं आलीत?"

"ती मूळ संख्या आहे," मावशी म्हणाली. कोर्टाचा निकाल वाचून दाखवावा तसा तिचा आवाज होता, वर अपील नसलेला.

तेवढ्यात काका ॲप्रनची गाठ मारत आले. "वाचलंस ना? मग सरक. माझी वेळ झाली."

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीही पुरता भाग देऊ शकत नाही अशी संख्या. सात, तेरा, एकोणीस. मी लहान असताना मावशीनं हे मला गोळ्या मांडून शिकवलं होतं. "बारा गोळ्या सारख्या ओळींत बसतात. तेरा घे. कशाही मांड, एक गोळी ओळीबाहेर उभी राहते आणि तुला जीभ काढून दाखवते. ती तेराची खोड." मावशीला ती जीभ काढणारी गोळी फार आवडायची.

तिचा हा नाद कामातून आलेला. तारुण्यात ती तिकिटं छापणाऱ्या छापखान्यात नंबरिंगच्या मशीनवर होती. पायानं दाबायचं मशीन. प्रत्येक दाबाला एक तिकीट, आणि प्रत्येक तिकिटागणिक आकड्यांच्या छोट्या चाकांपैकी शेवटचं चाक एक घर पुढं सरकायचं. नवावर आलं की शेजारच्याला घेऊन फिरायचं. सगळे नऊ एकदम फिरायचे तेव्हा मशीन दम लागल्यासारखा आवाज करायचं, असं मावशी सांगते, आणि तो आवाज करूनही दाखवते. दिवसभर डोळ्यांसमोरून आकडेच जायचे. दुसरं कुणी असतं तर झोप लागली असती. मावशीनं त्यांच्याशी ओळखी वाढवल्या. हा सम आहे, याला दोन खातो. याच्या अंकांची बेरीज बारा, याला तीन खातो. हा वरून मोठा कडक दिसतो, पण आतून साताचा आहे.

मग ती माणसांनाही तसंच बघायला लागली. शेजारचे सदैव हसतमुख गृहस्थ म्हणजे एकशे वीस. "कुणानंही जातात. दोनानं, तिनानं, पाचानं, आठानं. नाही म्हणायची हिंमत नाही." माझी आई नव्वद. "ती बिचारी स्वतःला सगळ्यांत वाटून बसली." आणि मी एक्क्याण्णव.

"मी का एक्क्याण्णव?"

"दिसतेस मूळ. कुणालाही वाटेल, हिला काही जाणार नाही. पण सात तेरा एक्क्याण्णव. जरा खोलात गेलं की निघतेस भलतीच."

हे ती चारचौघांत म्हणायची. नाटकाच्या माझ्या मैत्रिणी घरी आल्या की, "एक्क्याण्णव, चहा टाक." माझ्या मनात ते कुठं तरी साचत होतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजेल.

तिकिटाची गोष्ट मला मावशीनं सांगितली, तीही काकांची पाठ आमच्याकडं आणि हात फेसात असताना. त्यामुळे तिला सारख्या मागून दुरुस्त्या येत होत्या.

"हे तेव्हा आमच्याकडं तपासनीस होते. छापलेल्या गठ्ठ्यांमधून आकडा सुटलाय का, दोनदा पडलाय का, ते बघायचं. नाकावर चष्मा, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात."

"पडायचेच," काका सिंककडं तोंड करून म्हणाले. "मालक ओरडायचा."

"तर हे एकदा माझ्या मशीनपाशी आले आणि म्हणाले, तुमच्या गठ्ठ्यात आजवर एकही चूक सापडली नाही."

"त्याला मी मागणी घालणं म्हणत होतो."

"मला कसं कळणार ते? तीन वेळा येऊन तेच म्हणाले. मग मीच म्हटलं, लग्नाचं विचारायचंय का? तर मान हलवली. मी म्हटलं, माझ्या घरी पाच भाऊ. जन्मापासून दहा हातांची खरकटी मी काढतेय. आता माझा निर्णय मी या मशीनवर सोडणार. उद्या जेवणाची घंटा होईल तेव्हा चाकांवर जो आकडा असेल तो मूळ निघाला, तर लग्न, आणि भांडी जन्मभर तुमची. त्याला कशानंही भाग गेला, तर तुम्ही तुमच्या वाटेनं, मी माझ्या."

"मी म्हटलं, ही कसली अट?" काकांनी एक ताट उजेडात धरून बघितलं. प्रूफ बघावं तसं. "जिंकलो तरी भांडी, हरलो तर काहीच नाही."

"आणि तरी कबूल झाले."

"झालो."

दुसऱ्या दिवशी घंटा झाली आणि चाकांवर हा आकडा होता. मग दोघांनी तो भागायला घेतला. हातानं, प्रूफांच्या पाठकोऱ्या कागदांवर. सगळ्या आकड्यांनी भागावं लागत नाही, फक्त मूळ संख्यांनी भागलं की पुरतं. आणि त्याही आकड्याच्या वर्गमुळापर्यंतच. कारण भाग देणारे जोडीनं येतात. सी-सॉवर बसल्यासारखे. एक वर्गमुळाच्या वर गेला की दुसरा खाली असलाच पाहिजे, म्हणून खालचे सगळे तपासले की वरचे आपोआप तपासले जातात. हजाराचा वर्ग दहा लाख, आणि आपला आकडा दहा लाखांच्या थोडाच वर. तेव्हा हजारापर्यंतच्या मूळ संख्या घ्यायच्या. त्या कुठून आणायच्या? छापखान्यातच होत्या. शाळेच्या पाढ्यांचं पुस्तक तिथंच छापायचे, आणि त्याच्या शेवटच्या पानावर हजारापर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता असायचा. तो मावशीच्या मशीनच्या वर चिकटवलेला होता. त्यात एकशे अडुसष्ट आकडे. निम्मे तू, निम्मे मी.

"दोनापासून चारशे तेहेतीसपर्यंत माझे," मावशी म्हणाली. "चारशे एकोणचाळीसपासून पुढचे यांनी स्वतः मागून घेतले. म्हणाले, मोठे आकडे जड असतात, मी उचलतो. मला वाटलं, काय हा सभ्य माणूस. सातानं भागलं, बाकी पाच. तेरानं भागलं, पुन्हा पाच. माझा नुसता जीव वरखाली. सकाळी हे आले, कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, एकाही आकड्यानं भाग जात नाही."

"आणि मग?"

"मग काय? बघ की घासतायत."

काका खरंच घासत होते, आणि गुणगुणतही होते. या माणसाला भांडी घासताना बघणं ही एक करमणूक आहे. आधी पेले, मग चमचे, मग ताटं, शेवटी करपलेलं जे असेल ते. दुसऱ्या कुणी मध्ये हात घातला की त्यांना खपत नाही. चाळीसेक वर्षं हे घर त्या एका आकड्यावर उभं होतं. मावशीचा शब्द शेवटचा, कारण आकडा तिच्या बाजूनं. पडदे कुठले, पाहुणे किती, पंखा कितीवर, सगळ्या वादांच्या शेवटी ती नुसती मान वर करून तिकिटाकडं बघायची आणि काका म्हणायचे, बरं.

तर एका दुपारी तालीम रद्द झाली. काका दूध आणायला गेले होते, जेवणाची भांडी सिंकमध्ये त्यांची वाट बघत होती, मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि मी ओट्याला टेकून नुसती उभी होते. हातात फोन. समोर तिकीट. रिकाम्या हातांना जे सुचतं ते सुचलं. मी तो आकडा फोनमध्ये घातला आणि विचारलं, मूळ का?

उत्तर यायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. नाही. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा.

मी आकडा पुन्हा घातला. मग तिकिटावर नाक टेकवून एकेक अंक वाचत पुन्हा. तेच. आता एखादी गुणी मुलगी फोन खिशात ठेवून गप्प बसली असती. मी एक्क्याण्णव होते.

"मावशी, दिसतं मूळ आणि निघतं भलतंच, असं कोण गं?"

"तू."

"आणखी कुणी?"

"आणखी कोण?"

मी तिकिटाकडं बोट केलं.

ती हसली. मग मी दोन आकडे सांगितले. हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. "त्या डबीला काय कळतंय," ती म्हणाली, आणि पेन्सिल शोधायला लागली. हातातली घडी सुटून खाली पडली तरी तिला पत्ता नव्हता.

ती टेबलाशी बसली आणि शाळेतल्यासारखा भागाकार मांडला. ओठ हलत होते. "एक हजार बावीसमध्ये एकदा. उरले तेरा. एक खाली घेतला, एकशे एकतीस, नाही जात, शून्य. पुन्हा एक खाली. तेराशे अकरा. एकदा. उरले तीनशे दोन. सात खाली. तीन हजार सत्तावीस." ती थांबली. मी वाकून बघत होते. "एक हजार नऊ त्रिक," ती अगदी हळू म्हणाली, "तीन हजार सत्तावीस."

खाली शून्य.

त्या क्षणी मला माझी गंमत नकोशी झाली. मावशी त्या शून्याकडं अशी बघत होती की जणू घराच्या पायातून कुणीतरी वीट काढून तिच्यासमोर आणून ठेवलीय.

"तक्ता," ती म्हणाली. "तक्ता नऊशे सत्त्याण्णववर संपत होता. पान तिथं संपत होतं. पण वर्गमूळ हजाराच्या थोडं वर आहे. हजार ते एक हजार दहा, एवढे राहिले. आम्ही पानाशी थांबलो. अगं, छापखान्यातली माणसं आम्ही, पान संपलं की आमचं जग संपतं."

"होतं असं, मावशी."

"मोठे आकडे कुणाकडं होते?"

दार वाजलं. काका दूध घेऊन आले, पातेल्यात ओतलं, गॅस लावला, खुंटीवरचा ॲप्रन काढला आणि सिंककडं वळले.

"अहो, आज भांडी नका घासू."

काका जागच्या जागी थांबले. "पाणी गेलंय का?"

"नाही."

"बरं वाटत नाही का तुला?"

"तुम्हाला एक हजार नऊनं भागता येतं?"

काकांनी चष्मा काढला, ॲप्रनला पुसला, परत घातला. मग माझ्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या कागदाकडं. "कुणी सांगितलं?"

"बघ," मावशी मला म्हणाली. "'खरं का' असं नाही विचारलं. 'कुणी सांगितलं' विचारलं."

"पान संपलं होतं," काका म्हणाले.

"पान संपलं होतं की तुम्हाला संपवायचं होतं?"

काका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "मी तपासनीस होतो. पान संपलं म्हणून थांबणारा असतो तर मालकानं ठेवलं नसतं. त्याच संध्याकाळी घरी बसून पुढचे बघितले. एक हजार एक, एक हजार तीन, एक हजार सात, हे तुझ्याच छोट्या आकड्यांचे निघाले, त्यांची गरज नव्हती. उरला एकटा एक हजार नऊ. भागलं. खाली शून्य आलं. एवढं सुबक शून्य मी जन्मात बघितलं नव्हतं. आणि एवढं नकोसंही."

"आणि सकाळी येऊन मला म्हणालात, भाग जात नाही."

"मी म्हणालो, तक्त्यातल्या एकाही आकड्यानं भाग जात नाही. शब्द आठव."

"वकिली कुठं शिकलात?"

"खोटं बोललो नाही."

"खरंही बोलला नाहीत." मावशी उठली आणि तिनं तिकिटाची चौकट भिंतीवरून काढली. मागं भिंतीवर एक स्वच्छ पांढरा चौकोन राहिला. "म्हणजे अट पुरी झालीच नव्हती. म्हणजे हे लग्न व्हायलाच नको होतं."

हे ती ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हिशेब सांगावा तसं म्हणाली.

आणि काकांनी, ज्यांचा शब्द जपून वापरण्याबद्दल लौकिक आहे त्यांनी, नेमका तेव्हाच एक शब्द उधळला. "लग्नच नाही म्हटल्यावर भांडीही माझी नाहीत."

तेवढ्यात दूध उतू गेलं. आधी सूं आवाज, मग वास. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्याच्या बुडाला तपकिरी थर धरला होता. मी ते सिंकमध्ये ढिगावर ठेवलं. ते दोघं जागचे हलले नाहीत.

"मी घासते," मी म्हटलं.

"तू गप बस," दोघं एकदम म्हणाले. निदान एका बाबतीत एकमत होतं.

"का नाही सांगितलंत?" मावशी म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस. आकड्यापुढं तू कुणाचं ऐकलं असतंस?" काकांनी टेबलावरच्या चौकटीची धूळ अंगठ्यानं पुसली. "एकीकडं तू, एकीकडं जन्मभराची भांडी. मी दोन्ही बाजू तोलून बघितल्या. भांडी स्वस्त पडली."

मावशी बराच वेळ चौकटीच्या नक्षीत नख फिरवत राहिली. मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. राग होता, पण रागाच्या मागं आणखी काहीतरी चुळबुळत होतं, प्रवेश घ्यायची वेळ झालेल्या नटासारखं.

"घंटा सोळावर झाली होती," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"एकशे सतरावर नाही. एकशे सोळावर. दहा लाख बावीस हजार एकशे सोळा. घंटा झाली आणि मी चाकांकडं बघितलं, तर सम आकडा. दोनानंच गेला असता. तुम्ही परीक्षेलाही बसला नसता." ती अजूनही वर बघत नव्हती. "तेव्हा मी आणखी एकदा पाय मारला."

काकांचं हसू आधी खांद्यांत दिसतं. खांदे हलायला लागले, मग चष्मा घसरला, मग आवाज आला. "म्हणजे पहिली लबाडी तुझी."

"माझी एका पायाची. तुमची चाळीस वर्षांची."

"पाय मारलास म्हणून तर पुढचं सगळं."

"त्यावर येऊ नका. वाद भांड्यांचा आहे." मावशीनं पेन्सिल पुन्हा उचलली आणि ताठ बसली. हा तिचा न्यायाधीशाचा अवतार. "तो दुसरा, एक हजार तेरा. त्याला काय जातं?"

"एकतीसपर्यंत बघितलं की झालं," काका म्हणाले, आणि खुर्ची टेबलाच्या तिच्या बाजूला घेऊन आले. दोघांची डोकी एकाच कागदावर वाकली. मला कुणी बोलावलं नाही.

"तीन?"

"बेरीज पाच. नाही."

"सात?"

"बाकी पाच."

"पुन्हा पाच. माझा जन्म या पाचात गेला. अकरा?"

"एक उरतो."

असं करत ती दोघं एकतीसपर्यंत गेली. मग एक हजार नऊचीही तशीच झडती झाली. दोन्ही आकड्यांना काही जात नव्हतं.

"दोघंही मूळ," मावशी म्हणाली.

"दोघंही आडमुठे," काका म्हणाले.

"मधलं अंतर किती?"

"चार."

"तेवढं असावं." तिनं कागदावर एक रेघ मारली. "तर ऐका. आकड्याला भाग जातो हे मान्य. पण जातो तो या दोघांनीच. हे दोघं सोडून दुसरी जोडी मांडून दाखवा. नाही मांडता येत, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा अट बदलते, मोडत नाही. लग्न राहील. भांडी दोघांत."

काकांचा चेहरा पडला. भांडी सुटण्याचा आनंद तिथं कुठंच नव्हता. "तू माझ्या सिंकला हात लावणार?"

"निकाल लागलाय."

"आधी पेले. मग चमचे. ताट उजेडात धरून बघितल्याशिवाय ठेवायचं नाही."

"चौकट परत लावा आधी."

काकांनी चौकट त्या पांढऱ्या चौकोनावर नेमकी बसवली, केसभरही तिरकी नाही. मावशीनं बाह्या वर केल्या. इतक्या वर्षांत न भिजलेले ते हात फेसात गेले तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं, पण बाहेर काढले नाहीत. मला वाटलं, या सगळ्याला कारण मी, निदान ते करपलेलं पातेलं तरी मी घ्यावं. मी सिंककडं हात पुढं केला.

"एक्क्याण्णव," मावशी वळूनही न बघता म्हणाली, "बाहेर हो. यात तिसरा बसत नाही."

मी बाहेर जाऊन पडलेल्या कपड्यांची घडी घालत बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं काकांचा आवाज आला. "हे घासलं म्हणतेस? बूड बघ. परत."

"चमचा आहे तो. चमच्याला कसलं आलंय बूड?"

"परत."

"तपासनीस," मावशी म्हणाली, आणि पाणी पुन्हा सुरू झालं.